नाव सांगा, उघड बोला

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या एखाद्या दुमजली घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून दुसऱ्या टोकाच्या बांबूपर्यंत, वीस मीटर तांब्याची तार ताणून बांधता येते. तार बरोबर मध्यावर तोडायची, दोन्ही तुकड्यांना एक केबल जोडायची आणि केबलचं दुसरं टोक खालच्या खोलीतल्या रेडिओ संचाला लावायचं. एवढी झाली अँटेना. छताचा साधा पंखा जेवढी वीज खातो, त्याहून कमी, म्हणजे पन्नास वॅट शक्तीवर या तारेतून निघालेला आवाज भरदुपारी हैदराबादला, भोपाळला, मुंबईला ऐकू जातो. मध्ये ना मोबाइलचा मनोरा, ना इंटरनेट, ना कुठल्या कंपनीचं बिल. देशाच्या मधोमध वसलेलं नागपूर या कामाला फार चांगलं गाव आहे. इथून हैदराबाद हवेतून सव्वाचारशे किलोमीटर, मुंबई सातशे, दिल्ली साडेआठशेच्या आसपास. सात मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसा नेमक्या एवढ्याच टप्प्यावर उत्तम चालतात.

तार बांधायला कुणाची हरकत नाही. तिच्यातून एक शब्द पाठवायचा म्हटलं, की मात्र भारत सरकारचा परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, शुल्क भरावं लागतं, पोलीस पडताळणी होते. आवाज आपला, वीज आपली, तारही आपली, मग सरकार मध्ये का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर निम्मं विज्ञानात आहे आणि निम्मं इतिहासात.

विज्ञानातलं आधी पाहू. जमिनीपासून साधारण साठ किलोमीटरच्या वर सूर्याच्या किरणांमुळे हवेतले अणू विद्युतभारित होतात. या थराला आयनांबर म्हणतात. लघुलहरी तिथपर्यंत जाऊन वाकतात आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटरवर पुन्हा जमिनीवर उतरतात. राज्याची हद्द, देशाची सीमा त्यांना कळत नाही. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात सगळ्या विक्रेत्यांनी एकाच ठिकाणी उभं राहून एकाच सुरात ओरडायचं ठरवलं, तर एकाचाही भाव गिऱ्हाइकाला समजणार नाही. लहरींचं तसंच आहे. एकाच वारंवारितेवर दोघे बोलले, तर दोघांचंही बोलणं वाया जातं. आणि त्या दोघांपैकी एक जण उतरू पाहणारा वैमानिक असेल, तर प्रश्न जिवाचा होतो. म्हणून विमानं, जहाजं, सैन्य, पोलीस, आकाशवाणी अशा प्रत्येकाला लहरींचे वेगवेगळे पट्टे वाटून दिलेले आहेत. हे वाटप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पातळीवर होतं आणि प्रत्येक देश ते आपल्या हद्दीत पाळतो.

या वाटपात हौशी माणसांसाठीही जागा राखलेली आहे. भारतात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, १४.० ते १४.३५, १४४ ते १४६, ४३४ ते ४३८ आणि आणखी काही पट्टे त्यांचे आहेत. ही दानत मला फार मोलाची वाटते. मोबाइल कंपन्या ज्या लहरींसाठी हजारो कोटी रुपये मोजतात, त्यांतले काही तुकडे जगभरच्या सरकारांनी केवळ शिकण्यासाठी, प्रयोगांसाठी आणि एकमेकांशी बोलण्यासाठी मोकळे ठेवले आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांतल्या व्याख्येचा आशय असा: स्वतःला शिकवण्यासाठी, परस्पर संपर्कासाठी आणि तांत्रिक शोधासाठी, पैशाच्या अपेक्षेविना, रीतसर परवानगी घेतलेल्या व्यक्तींनी चालवलेली रेडिओ सेवा. अशी सेवा चालवणाऱ्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात.

आता इतिहास. आपल्याकडचा पाया १८८५ च्या तार कायद्याने घातला. तारयंत्र ही सरकारची मक्तेदारी आणि दुसऱ्या कुणाला ते चालवायचं तर परवाना हवा, हे त्याचं सूत्र. १९३३ साली बिनतारी यंत्रांसाठी वेगळा कायदा आला. त्याने एक पाऊल पुढे जाऊन नुसतं यंत्र बाळगणंही परवान्याखाली आणलं. आज साठी ओलांडलेल्या वाचकांना घरच्या रेडिओचं लायसन्स आठवत असेल. दरवर्षी पोस्टात पैसे भरून त्या छोट्या पुस्तिकेवर तिकीट लावून घ्यावं लागे. तेही याच विचाराचा भाग होतं. ऐकण्याचं ते लायसन्स १९८० च्या दशकात गेलं, बोलण्याचं राहिलं.

भारतात हौशी रेडिओची सुरुवात १९२१ मध्ये कोलकात्यात अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी केली. मुंबईतल्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये कार्यक्रमही प्रक्षेपित केले. तरी १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशभरात पन्नासही परवानाधारक नव्हते आणि त्यांतले बरेचसे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी होते. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि सरकारने नवे परवाने थांबवले. जे होते त्यांना लेखी हुकूम गेला, की आपली प्रक्षेपणयंत्रं पोलिसांच्या स्वाधीन करा.

यापुढची घटना मुंबईत घडली आणि तिचा धागा विदर्भापर्यंत येतो. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींसह सगळे नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभा केला. यंत्र जुळवायला मुंबईतल्या हौशी रेडिओचालकांचं ज्ञान उपयोगी पडलं. सभांमधल्या ध्वनिक्षेपकांमुळे घरोघरी माहीत झालेल्या शिकागो रेडिओच्या नानक मोटवानी यांनी सामग्री पुरवली. राममनोहर लोहिया यात होते, अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन पाठीशी होते. पोलिसांना ठावठिकाणा लागू नये म्हणून केंद्राची जागा सतत बदलत राहिली.

जे छापायची वर्तमानपत्रांची हिंमत नव्हती, ते या केंद्रावरून ऐकवलं जाई. त्यात आष्टी आणि चिमूरची हकिगत होती. १६ ऑगस्ट १९४२ ला वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि चांदा जिल्ह्यातलं चिमूर पेटून उठलं. नंतर चिमुरात सैन्य आणि पोलीस घुसले, तिथल्या माणसांवर आणि विशेषतः बायांवर जे अत्याचार झाले, ते बाहेर कळू नयेत अशी व्यवस्था होती. सक्करदऱ्यावरून जाणारा उमरेड रस्ता पुढे त्याच चिमूरकडे जातो. नागपुरात दबक्या आवाजात पसरणारी ती बातमी मुंबईच्या एका बेकायदा यंत्रातून देशभर गेली.

१२ नोव्हेंबर १९४२ ला प्रक्षेपण चालू असतानाच पोलिसांनी धाड घातली. आतल्याच एका तंत्रज्ञाकडून पत्ता फुटला होता. विशेष न्यायालयात खटला चालला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली, १९४६ मध्ये त्या सुटल्या. केंद्र अडीच-तीन महिनेच चाललं, पण एक साधा संच आणि एक तार राजसत्तेला केवढी भीती घालू शकते, हे त्यातून दिसलं. काँग्रेस रेडिओ स्वतःची जागा सांगताना ‘भारतात कुठून तरी, ४२.३४ मीटरवर’ अशी घोषणा करी. ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. वर दिलेल्या यादीत पाहिलं, तर ही वारंवारिता आजच्या हौशी पट्ट्याच्या आत येते. उषा मेहतांना जिथे बोलण्यासाठी तुरुंगात जावं लागलं, तिथे परवाना असलेली सक्करदऱ्यातली शाळकरी मुलगी आज सरकारच्या संमतीने बोलू शकते. मात्र एका अटीवर: ‘कुठून तरी’ म्हणता येत नाही. आपण कोण, हे सांगावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर परवान्याचा कायदा सैल होईल, असं वाटणं स्वाभाविक होतं. तसं झालं नाही. १९३३ च्या मूळ कायद्यात विनापरवाना यंत्र बाळगल्यास पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपये आणि पुढच्याला अडीचशे रुपये दंड होता. १९४९ च्या दुरुस्तीने प्रक्षेपणयंत्रासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. फाळणी, काश्मीर, हैदराबाद यांतून नुकत्याच निघालेल्या देशाची ती सावधगिरी समजू शकते. पण त्या सावधगिरीची सावली पुढे चाळीस-पन्नास वर्षं हौशी माणसांवर पडून राहिली, हेही खरं. महूच्या सिग्नल शाळेत १९४८ मध्ये हौशींचा अखिल भारतीय क्लब स्थापन झाला तेव्हा देशात जेमतेम पन्नास परवानाधारक होते. १९७० पर्यंत ही संख्या हजाराच्याही आतच राहिली. परदेशी संचांवर भरमसाट आयातशुल्क होतं, देशी संच बाजारात नव्हते. तरुण मुलं जुन्या लष्करी रेडिओचे सुटे भाग भंगार बाजारातून आणून यंत्रं जुळवत. १९८४ मध्ये शुल्कात सूट मिळाली आणि मग चित्र पालटायला लागलं. राजीव गांधी स्वतः परवानाधारक हॅम होते, याचाही या मंडळींना आधार वाटे.

हौशी सेवेसाठी स्वतंत्र नियमावली १९७८ मध्ये आली. तिच्यात परवान्याचे बरेच वर्ग होते: प्रगत, प्रथम, द्वितीय, द्वितीय मर्यादित आणि नुसतं ऐकणाऱ्यांसाठी वेगळा. वरच्या वर्गांसाठी मोर्सच्या टिंब-रेघा मिनिटाला १२ शब्द या वेगाने घ्याव्या आणि पाठवाव्या लागत. कित्येक हुशार मुलं या एका पायरीवर अडली. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती काढून तो निर्णय ज्या त्या देशावर सोपवला. त्यानंतर आपल्या नियमांतही सुधारणा झाल्या आणि आता दोनच वर्ग उरले आहेत. मर्यादित वर्गाला मोर्सची परीक्षा नाही. सर्वसाधारण वर्गाला मिनिटाला आठ शब्दांचा वेग लागतो. मर्यादितला पन्नास वॅटपर्यंत, सर्वसाधारणला चारशे वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. किमान वय बारा वर्षं. परवाना वीस वर्षांसाठी एक हजार रुपयांत, आयुष्यभरासाठी दोन हजारांत. शाळकरी मुलांच्या क्रिकेटच्या सामानालाही याहून जास्त पैसे जातात.

परीक्षेसाठी विदर्भातल्या मुलांना मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही, ही नागपूरची मोठी सोय. दूरसंचार विभागात बिनतारी नियोजन आणि समन्वय शाखा आहे, तिच्या सोबतीला लहरींवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आहे आणि त्या यंत्रणेचं एक केंद्र नागपुरात आहे. या केंद्रांचे अभियंतेच परीक्षा घेतात. पूर्वापार पद्धत अशी, की दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई इथे दर महिन्याला, तर नागपूर, अहमदाबाद, हैदराबाद इथे दर दोन महिन्यांनी परीक्षा. आता अर्ज ‘सरल संचार’ या संकेतस्थळावरून करता येतो.

लेखी परीक्षेचे दोन भाग असतात. पहिला रेडिओच्या शास्त्राचा: ओहमचा नियम, संधारित्र आणि वेटोळं मिळून वारंवारिता कशी ठरते, अँटेनाची लांबी कशी काढायची, दिवसा चालणारा पट्टा रात्री का बिघडतो. दहावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुढे यातलं फारसं जात नाही. दुसरा भाग नियमांचा असतो. मुलं तो पाठांतराचा समजून हलक्यात घेतात, मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. हवेत कसं वागायचं, हे तिथे शिकायला मिळतं.

परीक्षा झाली, की पोलीस पडताळणी. सक्करदऱ्यातल्या अर्जदाराची चौकशी सक्करदरा पोलीस ठाण्याच्या हद्दीतली. कित्येक दशकं सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यावर गेला, कारण कागद दिल्लीहून राज्याकडे, राज्याकडून ठाण्याकडे आणि पुन्हा उलट, असे फिरत. उत्तीर्ण झाल्यावरही परवाना हातात पडायला वर्षभर लागल्याचा अनुभव अनेक जुन्या हॅमना आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष फार मोठं असतं. तेवढ्यात त्याचा ओढा दुसरीकडे वळतो आणि देश एका होतकरू अभियंत्याला मुकतो.

याच्याशेजारी अमेरिका ठेवून पाहावी. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबातल्या मुलाला पहिल्या पायरीची परीक्षा द्यायची, तर ३५ प्रश्नांतले २६ बरोबर यावे लागतात. वयाची अट नाही. मोर्स २००७ मध्येच गेलं. परीक्षा घेतात ते सरकारी अधिकारी नसून अनुभवी हॅमच असतात, स्वयंसेवक म्हणून. शनिवारी सकाळी ग्रंथालयात परीक्षा दिली, की थोड्याच दिवसांत त्याचं संकेतनाम सरकारी यादीत झळकतं. आपल्या सीमा आणि आपले शेजारी वेगळे आहेत, पडताळणी पूर्ण उठवा असं मी म्हणणार नाही. पण परीक्षेचं काम नागपूर, अमरावती, चंद्रपूरच्या जाणत्या हॅमकडे सरकारच्या देखरेखीखाली सोपवायला काहीच हरकत नसावी. आणि सज्ञान नसलेल्या मुलाच्या पडताळणीला ठरावीक दिवसांची मुदत घालायलाच हवी.

परवान्याबरोबर संकेतनाम मिळतं. जगात त्या नावाचं दुसरं केंद्र नसतं. आंतरराष्ट्रीय वाटपात भारताला ‘एटीए’ ते ‘एडब्ल्यूझेड’, ‘व्हीटीए’ ते ‘व्हीडब्ल्यूझेड’ आणि ‘८टीए’ ते ‘८वायझेड’ या मालिका मिळाल्या आहेत. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणाऱ्या भारतीय विमानाच्या अंगावरचं ‘व्हीटी’ आणि हॅमच्या नावातलं ‘व्हीयू’ ही याच वाटपातली भावंडं. सर्वसाधारण वर्गाचं नाव व्हीयू-२ ने सुरू होतं, मर्यादितचं व्हीयू-३ ने. अंदमान-निकोबारला व्हीयू-४, लक्षद्वीपला व्हीयू-७. पुढची दोन-तीन अक्षरं मोकळी असतील त्यांतून अर्जदाराने निवडायची. पुष्कळ जण आपली आद्याक्षरं मागून घेतात आणि मग आयुष्यभर मित्रमंडळीत त्याच नावाने ओळखले जातात.

हवेत पाळायचे नियम मोजके आहेत, पण कडक आहेत. संभाषणाच्या सुरुवातीला आणि शेवटी संकेतनाम सांगायचं. प्रत्येक संपर्काची नोंद वहीत ठेवायची. सांकेतिक किंवा गुप्त भाषा वापरायची नाही. मोर्स चालतं, कारण ती लिपी जगाला ठाऊक आहे. ‘क्यूटीएच’ म्हणजे ठिकाण, ‘क्यूआरएम’ म्हणजे इतरांचा अडथळा, ‘७३’ म्हणजे शुभेच्छा, असे संक्षेप चालतात, कारण त्यांचे अर्थ छापील पुस्तकांत आहेत. गाणी लावायची नाहीत, कार्यक्रम प्रसारित करायचे नाहीत, धंद्याचं बोलायचं नाही, एरवी तिसऱ्या माणसाचे निरोप पोचवायचे नाहीत. इतवारीतल्या व्यापाऱ्याने हॅम मित्राला रायपूरचा धान्याचा भाव विचारायला सांगितलं, तरी तो नियमभंग होतो.

पहिल्यांदा वाचताना हे सगळे निर्बंध नकारघंटेसारखे वाटतात. पण त्यांच्या मुळाशी एकच अपेक्षा दिसते: जो बोलेल त्याने नाव सांगून आणि उघड बोलावं. एवढं पाळलं, तर सरकार त्याला जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाशी, पाकिस्तानातल्या किंवा चीनमधल्या हॅमशीसुद्धा, कुणाची मध्यस्थी न घेता बोलू देतं. १९३९ मध्ये यंत्रं हिसकावून घेणाऱ्या राज्यव्यवस्थेकडून इथपर्यंत आलेला हा प्रवास मला लोकशाहीच्या खऱ्या कमाईपैकी एक वाटतो.

तिसऱ्याच्या निरोपाला एक अपवाद आहे: आपत्ती. अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांसारख्या शासकीय अधिकाऱ्यांच्या वतीने हॅम संदेश वाहू शकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली, तेव्हा हॅम मंडळी मदतीला धावली. पण परवानगीचं महत्त्व सगळ्यात ठळकपणे दिसलं ते २००४ मध्ये, अंदमानात. संवेदनशील प्रदेश म्हणून तिथे कित्येक वर्षं हौशी प्रक्षेपणाला मुभा नव्हती. हॅम भारती प्रसाद यांनी चिकाटीने पाठपुरावा करून ती मिळवली आणि डिसेंबर २००४ मध्ये त्यांचा चमू पोर्ट ब्लेअरला पोचला. हेतू एवढाच, की जगभरच्या हॅमना या दुर्मीळ ठिकाणाशी बोलता यावं. २६ डिसेंबरच्या सकाळी त्सुनामी आली. बेटांची दळणवळण यंत्रणा कोलमडली आणि त्या चमूचे संच मुख्य भूमीशी जोडणारा दुवा झाले. पुढचे कित्येक दिवस प्रशासनाचे निरोप आणि ‘आम्ही सुखरूप आहोत’ हे निरोप त्यांच्यामार्फत गेले. परवानगीचा कागद आणखी महिनाभर टेबलावर पडून राहिला असता, तर त्या सकाळी पोर्ट ब्लेअरमध्ये त्यांतला एकही संच नसता.

त्यानंतर चारच महिन्यांनी, ५ मे २००५ ला, इस्रोने ‘हॅमसॅट’ हा खास हौशींसाठीचा छोटा उपग्रह सोडला. या छंदाकडे पाहताना सरकारच्या डोळ्यांत असणारा संशय तोवर बराच ओसरला होता.

नियम मोडणारा सापडतो कसा? दोन ठिकाणांहून दिशादर्शक अँटेना फिरवून लहर कुठल्या बाजूने जास्तीत जास्त जोरात येते ते पाहतात आणि नकाशावर त्या दोन दिशांच्या रेषा ओढतात. जिथे त्या छेदतात, तिथे यंत्र. १९४२ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर पोलिसांच्या गाड्या हेच करत होत्या. आजही तत्त्व तेच आहे, साधनं सुधारली आहेत. उपग्रहांच्या लहरींवर लक्ष ठेवणारं केंद्र तर मराठवाड्यातच, जालन्याला आहे. हॅम मंडळी याच तंत्राचा खेळ करतात: एकाने छोटा प्रक्षेपक झुडपात लपवायचा आणि बाकीच्यांनी अँटेना घेऊन तो शोधायचा. विद्यार्थ्यांना रेडिओची गोडी लावायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

गेल्या काही वर्षांत एक नवाच प्रश्न आला आहे. ऑनलाइन दुकानांतून दोन-तीन हजारांत परदेशी वॉकी-टॉकी घरपोच मिळू लागले. लग्नाचे मंडप, बांधकामाच्या जागा, ट्रेकिंगचे गट ते सर्रास वापरतात. यांतले पुष्कळ संच हौशी पट्ट्यांत आणि त्याबाहेरही प्रक्षेपण करू शकतात. घेणाऱ्याला आपण गुन्हा करतो आहोत, याची कल्पनाही नसते. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधल्या कमी शक्तीच्या संचांना २०१८ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे. बाकीच्यांना नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशा विक्रीबद्दल ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या, ते योग्यच झालं.

१८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा केला आणि त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. विनापरवाना रेडिओ यंत्र बाळगण्यासाठी त्यात पहिल्या वेळी पन्नास हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी दोन लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा सक्करदऱ्यातल्या ज्या मुलीला हा छंद लावून घ्यायचा आहे, तिने क्रम असा ठेवावा: आधी जवळच्या एखाद्या हॅमकडे बसून ऐकावं, मग नागपूरच्या परीक्षेचा अर्ज भरावा, परवाना हातात आल्यावर संच घ्यावा. गच्चीवरची तार मात्र पहिल्या दिवशीच बांधायला हरकत नाही. सात मेगाहर्ट्झवर सकाळच्या वेळी देशभरच्या हॅमच्या गप्पा रंगलेल्या असतात, आणि परीक्षेतले निम्मे नियम त्या ऐकतानाच अंगवळणी पडतात.